एफचं सातवं कार्ड

प्रिय अक्का,

लातूरच्या खोलीवर बसून लिहितेय. समोर तुझी वही उघडी आहे आणि मी फीव्हर या शब्दापाशी अडकले आहे.

क्लासच्या सरांनी मुलांसाठी एक पुस्तिका काढायची ठरवलीय. रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द, एकेका अक्षराचे, अर्थासह. आम्हा शिकवणाऱ्यांना अक्षरं वाटून दिली. चिठ्ठी उचलली तर माझ्या हातात एफ! सोमवारी यादी द्यायची आहे. एरवी हे तासाभराचं काम. पण गेल्या पंधरवड्यात या एफचं जे काही समोर आलं, त्यानंतर एकाही शब्दापुढं अर्थ लिहायचा धीर होत नाही. कुणाला विचारू? शब्द अडला की तुलाच विचारायची सवय. तू जाऊन दीड वर्ष झालं, सवय मात्र जिथल्या तिथं आहे.

आधी मला हे सांग, उंदीर ब्लेडनं कापतो का गं?

चिडू नकोस. सगळं क्रमानं सांगते. क्रम सोडला की तू पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचीस.

तुला आठवतं ना, माझं नाव शाळेत होतं आणि मी घरात होते. चार पावलं धुळीत चालले की दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, पोरीला दोन-तीन वर्षं जपा. दादा म्हणाले, मग माझी लेक शिकणार कधी? आणि तू, माझी आत्या, चुलीपुढून, मागं न बघता म्हणालीस, "मी कामून हाय मग घरात?"

बाराखडी, पाढे, सगळं तू शिकवलंस. इंग्रजीला मात्र तुझी वेगळीच रीत. महिन्याला एक अक्षर. त्या अक्षराचे नेहमीचे शब्द शोधायचे, वहीत उतरवायचे, अर्थ लिहायचा आणि महिनाभर घरात तेच शब्द बोलायचे. बीच्या महिन्यात आई भाकरीला ब्रेड म्हणायची आणि स्वतःच हसायची. डीच्या महिन्यात दादा दारातून आत येताना "डोअर" असं ओरडून यायचे. तुझी ती जाड डिक्शनरी तू नांदेडहून, सासरहून येताना पेटीत घालून आणलेली. त्या घरून तू आणखी काय आणलंस ते मला आठवत नाही. डिक्शनरी आठवते.

ई संपलं, एफ आलं, आणि तू म्हणालीस, "शितू, एफची पानं उंदरानं खाल्ली गं."

मी रडले होते! तुझ्या लक्षात आहे का? शब्द खाणारा उंदीर म्हणजे माझ्या लेखी राक्षसच. दादांनी पिंजरा लावला, त्यात भाकरीचा तुकडा. मी रोज सकाळी उठून आधी पिंजरा बघायचे. उंदीर काही सापडला नाही. तू म्हणालीस, "पोट भरलं असंल त्याचं."

मग तू म्हणालीस की एका माणसाला विचारून अर्थ मागवू. आणि कार्डं यायला लागली.

इथून पुढचं मला अर्धं आठवतं आणि अर्धं आत्ता कळलंय. त्यामुळं काय आठवतंय आणि काय मी मनानं जोडतेय, याचाच गोंधळ होतोय. चुकलं तर चुकलं.

झालं असं की जोशीबुवा आले होते. पितृपंधरवडा तोंडावर आला, तुझं पहिलंच पान वाढायचं, म्हणून दादांनी तिथी विचारली. आपण सगळ्यांनी गृहीत धरलेलं, नवमी. तू अहेव गेलीस. तुला नेताना आईनंच कुंकू लावलं, हिरवा चुडा भरला, आणि "माझी नणंद सवाष्ण गेली" असं बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. पण जोशीबुवांनी पंचांगावरून मान वर केली आणि साधा प्रश्न विचारला.

"यजमान हयात हायेत ना त्यांचे? असले तर अविधवा नवमी. मधल्या काळात काही झालं असंल, तर नवमी सुटते."

दादांनी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं. या घरात एका माणसालाही माहीत नव्हतं की तुझा नवरा जिवंत आहे की नाही! कपाळाला कुंकू लावून तुला पाठवलं आणि ते कुंकू ज्याचं, त्याला कळवलंसुद्धा नाही. मी तेव्हा विचारलं होतं, "मामांना सांगायचं का?" दादा म्हणाले होते, "कशाला?" आणि मी गप्प बसले. आत्याच्या नवऱ्याला आपल्याकडं मामाच म्हणतात. पण त्यांना तोंडावर मामा म्हणायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

जोशीबुवा गेल्यावर दादा म्हणाले, "धड पत्ता असंल तर अक्काच्या पेटीत असंल. बघ."

तुझ्या पेटीला कुणी हात लावला नव्हता. मीच उघडली. वर दोन लुगडी, त्याखाली डिक्शनरी, आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली एफची पानं. सगळी! एकही कोपरा कुरतडलेला नाही. कडा अशा सरळ, जणू पट्टी ठेवून ब्लेडनं कापल्यात.

म्हणजे तू खोटं बोललीस. "इचारलं तर जे बघितलं ते सांगायचं, मधलं काही गाळायचं न्हाई," असं मला रोज बजावणारी तू! राग यायला पाहिजे होता. आला पण असेल. पण त्या पानांखाली कार्डं होती, सहा, सुतळीनं बांधलेली, आणि ती वाचल्यावर राग कुणावर धरायचा तेच कळेनासं झालं.

ती जोडकार्डं होती. एक आपण लिहून पाठवायचं, त्याला जोडलेलं दुसरं कोरं, उत्तरासाठी. त्या उत्तराच्या कार्डावर डावीकडं तू तुझ्या गोल अक्षरात इंग्रजी शब्द लिहून पाठवायचीस. उजवीकडं मामांच्या बारीक, झुकलेल्या अक्षरात अर्थ. फेस, चेहरा. फॅक्ट, खरी गोष्ट. फेथ, भरवसा. फॉल, पडणे. पाठवणाऱ्याचा पत्ता सोडला तर बाकी काही नाही. कशी आहेस नाही, मी बरा आहे नाही, तारीख नाही. मी सहाही कार्डं उलटून पालटून पाहिली. एका ठिकाणी फक्त, फेल या शब्दापुढं, अर्थानंतर थोडं जास्त लिहिलंय: "नापास होणे. तू एकदा, मी तीनदा."

वहीत तू एवढंच उतरवलंस, "नापास होणे."

आणि मला आठवलं! एक दिवस तू चुलीपुढं एकटीच हसत होतीस, भाकरी करपेपर्यंत. मी विचारलं, "काय झालं गं?" तू म्हणालीस, "काही न्हाई, फेलचा अर्थ वाचला." मला तेव्हा वाटलं होतं, नापास होण्यात हसण्यासारखं काय आहे?

आई सांगते की तुझं लग्न झालं तेव्हा तुम्ही दोघंही दहावीच्या इंग्रजीत राहिलेले. ते कापडाच्या दुकानात कामाला. दोघं मिळून पुन्हा परीक्षेला बसलात, त्यासाठी डिक्शनरी घेतली. तू सुटलीस. ते पुन्हा राहिले. मग अक्का, मला हे सांग, इंग्रजीत तीनदा राहिलेल्या माणसाला तू शब्दांचे अर्थ का विचारत होतीस? अर्थ तर तुझ्याच पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले! आणि त्यांनी ते कुणाला विचारून लिहिले असतील? तू डिक्शनरी घेऊन आलेली. त्यांच्याकडं काय होतं?

कार्डं घेऊन मी दादांकडं गेले. ओसरीवर बसून ते फवारणीच्या पंपाची नळी साफ करत होते. मी सहाही कार्डं त्यांच्यापुढं मांडली.

"हे काय हाय?"

"अक्काच्या पेटीत होती. मामांची."

दादांनी कार्डांना हात लावला नाही. नळी फुंकत राहिले. मग म्हणाले, "मी माझ्या गळ्याची शपथ घातली व्हती तिला. त्या घरी पत्र लिहायचं न्हाई म्हून."

त्या दिवाळीला काय झालं ते मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. तुझं सासूशी पटत नव्हतं, मामा त्यांच्या आईपुढं तोंड उघडत नव्हते, दादा तुला माहेरी आणायला गेले आणि तिथं शब्दाला शब्द लागला, इतकंच. "आमची माणूस आता परत येणार न्हाई," असं म्हणून दादा तुला घेऊन आले. तुला कुणी विचारलं होतं का, यायचं की नाही? तेही मला माहीत नाही.

पण शपथेचं ऐकलं आणि मला जरा उजेड पडला. तू पत्र लिहिलंच नाहीस! शब्दांचे अर्थ मागवलेस. दादांचा गळा शाबूत राहिला आणि कार्डही गेलं. बरोबर आहे का गं? की हेही मीच जोडतेय? लहानपणी खाडाखोड केली की तू म्हणायचीस, "लई इचार करून राहिलीस शितू, साधं लिही." मला साधं लिहिता येत नाही अक्का, अजूनही.

मी म्हणाले, "दादा, यात पत्र नाही. नुसते शब्द आहेत."

दादा उठले, आत गेले आणि सातबाऱ्याचे कागद ठेवतात ती पिशवी घेऊन आले. तिच्यातून एक कार्ड काढून त्या सहांच्या शेजारी ठेवलं.

"हे बी ठेव त्यात."

सातवं. फीव्हरपासून फर्मपर्यंत, नऊ शब्द. डावीकडं तू, उजवीकडं ते.

"तुमच्याकडं कसं?"

"पोस्टमनला सांगून ठेवलं व्हतं. नांदेडचं कार्ड आलं की माझ्या हातात द्या म्हून."

"वाचलं होतं तुम्ही?"

"डावीकडचं मला कुठं येतंय? उजवीकडचं वाचलं." आणि कार्डाकडं न बघता त्यांनी म्हणून दाखवलं, "ताप. थोडे. शेत. भांडण. भरणे. सापडणे. संपवणे. आग. ठाम."

एकोणीस वर्षांनंतर पाठ!

"आता तूच सांग, मी काय समजायचं? शेत, भांडण, आग, ठाम. मला वाटलं वाटणीचं चाललंय. अक्कानं इचारलं असंल, आन् त्यानं कळवलं असंल, भांड म्हून, ठाम राहा म्हून."

"दादा, फील्ड म्हणजे शेत. फाइट म्हणजे भांडण. एकाखाली एक येतात ते शब्द, अक्षरांच्या क्रमानं."

"आता कळायलंय ना मला!" दादा एकदम ओरडले, आणि मग हळू म्हणाले, "आता कळायलंय."

मला हसू आलं होतं, अक्का. खरं सांगते, ओठापर्यंत आलं होतं. मग आतून आई म्हणाली, "तवाच अक्काला इचारलं असतं तर? एकाच घरात व्हते की दोघं."

"इचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं," दादा म्हणाले. "त्याचंच भ्याव वाटलं."

त्याच उन्हाळ्यात दादा तुला लोह्याला, तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेले आणि तू शेतावरचा हक्क सोडल्याची सही करून आलीस. येताना माझ्यासाठी खोडरबर आणलंस, वासाचं. मी दिवसभर त्याचा वास घेत होते. तू कशासाठी गेली होतीस ते मला आत्ता कळलं. तू काहीच बोलली नाहीस? "कामून रे?" एवढंसुद्धा नाही?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. मघापासून टाळतेय.

दादांना नांदेडच्या कार्डाचं कुणी सांगितलं? त्यांना तर माहीतच नव्हतं. पोस्टमन दुपारी यायचे, दादा तेव्हा शेतात.

मी सांगितलं.

मी सात वर्षांची होते. ओट्यावर बसले होते. सहावं कार्ड आलं, तू ते पदराखाली धरून आत निघालीस आणि मी मधेच म्हणाले, "थांब, मी वाचते." तू हसून कार्ड पुढं केलंस. त्यावरचा गोल शिक्का मी एकेक अक्षर लावत वाचला. नां-दे-ड. तू माझी पाठ थोपटलीस. संध्याकाळी दादा आले, पाय धुताना सहज म्हणाले, "आज काय वाचलंस गं?" आणि मी छाती पुढं काढून सांगितलं, "अक्काच्या कार्डावरचं नांदेड वाचलं!"

दादा आधी खूश झाले. "वाचायली की गं पोरगी!" मग त्यांचा हात तांब्यावरच थांबला.

हे मला आत्ता आठवलं असं नाही. हे मला कायम आठवत होतं, पण चांगली आठवण म्हणून! मी पहिल्यांदा शहराचं नाव वाचलं तो दिवस. क्लासमध्ये मुलांना मी हे सांगतेसुद्धा. तो तुझ्या कार्डांचा शेवटचा दिवस होता, हे मला कुठं ठाऊक होतं?

आई म्हणते, सात वर्षांच्या लेकराचा काय दोष? असेल, नसेल. फॉल्टच्या पुढं मामांनी "चूक" एवढंच लिहिलंय. वय दिलेलं नाही.

त्यानंतरचे दिवस मला आता वेगळेच दिसतात. वही फेस्टिव्हलवर थांबली होती. रोज मी विचारायचे, "पुढचे शब्द?" तू म्हणायचीस, "एफ लई मोठं असतंय शितू, दम खा." दुपारी ओट्यावर येऊन बसायचीस. पोस्टमनची सायकल पुढं निघून जायची. किती दिवस? मला ते दिवस सुट्टीसारखे गेले, मी मोजले नाहीत. मग एका सकाळी वहीत पुढचे शब्द लिहिलेले. फीव्हर, ज्वर. फ्यू, अल्प. फील्ड, क्षेत्र. मी विचारलं, "अक्का, ज्वर म्हणजे काय?" तू म्हणालीस, "ताप." "मग ताप का नाही लिहिलं?" तू म्हणालीस, "पुस्तकात असंच हाय."

कुठल्या पुस्तकात? उंदरानं खाल्लेल्या! माझ्या डोक्यात तेव्हा ते आलं कसं नाही? तू त्या दिवशी पेटी उघडून, गुंडाळी सोडून, पानांवरून उतरवून काढलं असणार. म्हणजे तू वाट बघणं सोडलंस. त्यांनी उत्तर दिलं नाही असं समजलीस. आणि उत्तर घरातच होतं, सातबाऱ्याच्या पिशवीत.

दोन दिवसांत एफ उरकलं आणि तू जी सुरू केलंस. जीमध्ये आपण खूप हसलो, असं मला आठवतं. खरंच हसत होतीस का गं?

मी नांदेडला जाऊन आले, अक्का.

दादांनीच पाठवलं. "नुसतं बघून ये, हाय का. तिथीपुरतं," असं म्हणाले. कार्डावरचा पत्ता घाटाजवळच्या एका गल्लीचा. ऑटोवाल्यानं गल्लीच्या तोंडाशी सोडलं. चालताना माझं लहानपणचं परत आलं, श्वास पुरेना. त्या घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचत होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोण पाहिजे?" आणि मी म्हणाले, "पत्ता चुकले."

खोटं. तोंडातून आपोआप आलं.

त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "चुकलात तर चुकलात. बसा आधी. दम लागलाय तुम्हाला." आत जाऊन स्वतः पाणी आणलं. तांब्यावर पेला उपडा घातलेला, आपल्याकडं देतात तसा. मी ओट्याच्या कडेला बसून प्याले.

"लोह्याकडच्या का तुम्ही? बोलण्यावरून वाटलं."

"हाव."

"यंदा पाऊस कसाय तिकडं?"

"बराय."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाले, "आमची माणसं हायेत तिकडं."

हायेत, म्हणाले.

मी म्हणायला पाहिजे होतं. किती सोपं होतं! मामा, मी शितू. अक्का गेली. पाच शब्द. मला इंग्रजीत शंभर शब्दांचे अर्थ न अडखळता सांगता येतात. आणि मी पेला ठेवला, "येते," म्हणाले, आणि उठले. ते म्हणाले, "सावकाश जा, बाई. उन्हाचं चालू नका." गल्ली संपेपर्यंत मी मागं पाहिलं नाही.

घरी येऊन दादांना सांगितलं, "आहेत." दादांनी जोशीबुवांना फोन केला, "नवमीच धरा." झालं! आम्हाला तिथी मिळाली. मी त्या माणसाच्या घरचं पाणी प्याले, त्याच्याकडून तुझी तिथी घेऊन आले, आणि ज्याच्यामुळं ती तिथी आहे त्यालाच ठाऊक नाही की तू नाहीस. हे कसलं वागणं? तू असतीस तर वही मिटून बाजूला ठेवली असतीस आणि म्हणाली असतीस, "आता तूच सांग शितले, काय चुकलं." माझ्यावर चिडलीस की तू शितले म्हणायचीस.

मला सांगता येतंय काय चुकलं. पुढं काय करायचं, तिथं गोंधळ आहे. त्यांना सांगितलं तर त्यांचं ते "हायेत" मी काढून घेणार. नाही सांगितलं तर ते रोज ओट्यावर बसून तेच धरून राहणार. दोन्हीतलं बरं कुठलं? आणि सांगायचं तर अर्धंच सांगायचं, की माझंही सांगायचं?

काल निघताना दादांना म्हणाले, "मामांना कळवायला पाहिजे."

दादा सोयाबीनकडं बघत उभे होते. तिकडंच बघत म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जा. दुपारच्या भरून येतात, उभं राहावं लागतं. धूळ बी असती, दम लागंल."

आई भिंतीकडं तोंड करून, कुणालाच उद्देशून नाही असं, म्हणाली, "पान वाढायला घरचा माणूस असला म्हंजी बरं."

दादा त्यावर काही बोलले नाहीत. फक्त मला गाडीवर सोडायला आले आणि खिडकीतून ते सातवं कार्ड माझ्या हातात दिलं. हा होकार म्हणायचा का अक्का? तू त्यांची मोठी बहीण. तुला त्यांचं न बोलणं वाचता यायचं. मला अजून नीट येत नाही.

होकारच धरते. चूक असेल तर माझी.

तर अक्का, मी तुला शब्द देते. नवमीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी नांदेडला जाईन. या वेळी पत्ता चुकणार नाही. ओट्यावर बसण्याआधी, पाण्याला हात लावण्याआधी सांगेन की तू गेलीस, कधी गेलीस, आणि कपाळाला कुंकू होतं. सातवं कार्ड त्यांच्या हातात देईन आणि सांगेन की ते वेळेवर पोचलं होतं, तू उत्तराची वाट बघत होतीस, आणि शिक्का वाचून दाखवणारी मी होते. मधलं काही गाळणार नाही. तू पानं का कापलीस ते त्यांना विचारणार नाही. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकेन. मग विचारेन, उद्या आमच्याकडं येता का, अक्काचं पान तुम्ही वाढाल का? नाही म्हणाले तर तिथंच बसून त्यांनी दिलेलं पाणी पिऊन येईन, या वेळी नाव सांगून.

आणि सोमवारच्या आधी, आज, आत्ता, तुझ्या वहीत फीव्हरच्या पुढचं "ज्वर" मी एकाच रेघेनं खोडते. तुला खाडाखोड आवडत नाही, माहीत आहे. शेजारी लिहिते, ताप. फ्यू, थोडे. फील्ड, शेत. फाइट, भांडण. नऊच्या नऊ, कार्डावर आहेत तसे. क्लासच्या यादीतही हेच जातील. फर्मच्या पुढचे शब्द मी नव्या पानावर लिहून अर्थाची जागा कोरी सोडतेय. एक जोडकार्ड मिळालं तर बघते, नाहीतर वहीच घेऊन जाते. उजवीकडची जागा त्यांची आहे.

अजून एफवरच असलेली,
तुझी शितू